‘बुरशी लागली’ म्हणजे नेमकं काय लागलं?

घरच्या हिरवळीत वाळक्या गवताचे गोल चट्टे पडलेत. विचारावं तर जो तो म्हणतो, “बुरशी लागली, औषध मारा.” मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. गव्हाला तांबेरा, भाताला करपा, द्राक्षाला भुरी, केवडा अशी नेमकी नावं आपल्याकडे आहेत. ती लॉनच्या गवताला चालतील का?

प्रतिसाद
चालतील, आणि वापरावीतच. गहू, भात आणि लॉनचं गवत एकाच कुळातले. रोगही बरेचसे नात्यातले. शिवाय ही नावं दिसण्यावरून पडलेली, त्यामुळे निम्मी ओळख नावातच होते. तांबेरा म्हणजे तांबूस पूड. पात्यांवरून पांढरा रुमाल फिरवा, नारिंगी डाग उमटला तर तांबेराच. सावलीतल्या गवतावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर भुरी.

‘करपा’ मात्र जपून. उन्हानं वाळलं तरी आपण “गवत करपलं” म्हणतो. करपलं म्हटलं की माणूस संध्याकाळी पाइप घेऊन उभा राहतो, पाती रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला हवं तेच मिळतं. शब्दामुळे उपाय उलटा होतो तो असा. म्हणून मी क्रियापद उन्हासाठी ठेवतो आणि नाम रोगासाठी.

प्रतिसाद
काही जण ‘मर’ म्हणतात, तेही इथे बसत नाही. हरभऱ्याची मर म्हणजे आतल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबून अख्खं झाड सुकणं. गवताची मुळं काळपट, मऊ झाली असतील तर सरळ मूळकूज म्हणा. आणि आधी चट्ट्यातलं गवत मुठीत धरून ओढून पाहा. सतरंजीसारखं अलगद उचललं गेलं तर खाली हुमणी, म्हणजे मुळं कुरतडणारी अळी, असण्याची शक्यता जास्त. तिथे बुरशीनाशक ओतणं वाया.

प्रश्नकर्ता
ओढून पाहिलं, मुळं घट्ट आहेत. चट्टे मोठ्या नाण्याएवढे, फिकट. पात्यावर मध्ये बारीक झालेला पांढुरका डाग, त्याला लालसर कड. पहाटे दवात कापसासारखे तंतूही दिसले.

प्रतिसाद
डाग डमरूसारखा ना? मग तो इंग्रजीतला ‘डॉलर स्पॉट’. मराठीत ‘नाणेठिपका’ म्हणावं असं मी सुचवेन, आकार लगेच डोळ्यांसमोर येतो. ‘ब्राऊन पॅच’चे चट्टे याहून बरेच मोठे, कधी हातभर रुंद; त्याला ‘तपकिरी चट्टा’ पुरे.

हा फरक खतासाठी फार महत्त्वाचा. नाणेठिपका आणि तांबेरा नत्र कमी पडलेल्या गवतावर जोर धरतात. तपकिरी चट्टा उलट, जास्त नत्रानं लुसलुशीत वाढलेल्या गवतावर. नुसतं ‘बुरशी’ म्हणून खत टाकलं किंवा बंद केलं तर ते निम्म्या वेळा चुकणारच.

‘औषध’ शब्दाबद्दलही बोलायला हवं. औषधानं रोगी बरा होतो. बुरशीनाशकानं मेलेलं पातं हिरवं होत नाही. स्पर्शजन्य असेल तर ते पात्याच्या वरच राहतं, आंतरप्रवाही असेल तर आत शिरतं, पण दोन्हींचं काम निरोगी पाती वाचवायचं. चट्टा भरतो तो नव्या फुटव्यांनी. म्हणून ‘बुरशीनाशक’ हाच शब्द प्रामाणिक आहे. तुमच्या बाबतीत आधी थोडं नत्र, पाणी पहाटे आणि मुळांपर्यंत पोचेल इतकं, कापणी यंत्राचं पातं धारदार, एका कापणीत उंचीच्या १/३ पेक्षा जास्त कापायचं नाही. एवढं करून पसरत राहिलं तरच फवारणी.

प्रश्नकर्ता
‘नाणेठिपका’ आवडला, तोच वापरेन. एक शब्द राहिला: गवताच्या बुडाशी साचणाऱ्या ‘थॅच’ला काय म्हणावं? ‘पालापाचोळा’ तर वरून पडतो.

प्रतिसाद
‘काडथर’ कसा वाटतो? न कुजलेल्या काड्या आणि मुळ्यांचाच तो थर असतो. साधारण १ सेंटिमीटरच्या वर गेला की दाताळ्यानं विंचरून काढा, बुरशी त्यातच दबा धरून राहते.