सायप्रसमध्ये भाड्याची गाडी, ट्रूडोसचा घाट आणि ७१ वर्षांचे बाबा: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये आम्ही सायप्रसला जातोय. मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि माझे आई-बाबा. लार्नाकाला उतरणार, तिथूनच परत. मधले दिवस पाफोस आणि ट्रूडोसच्या डोंगरात काढायचा विचार आहे.

सिसिली किंवा क्रीट न घेता सायप्रस घेण्याचं मुख्य कारण रस्ता. ब्रिटिश गेले १९६० साली, पण गाड्या अजून डाव्या बाजूनेच चालतात आणि स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. रेल्वे १९५१ सालीच बंद झाली. शहराशहरांत बस चांगल्या आहेत म्हणे, पण ट्रूडोसमधल्या गावांना बसच्या भरवशावर जायचं म्हणजे आईच्या गुडघ्यांचे हाल. त्यामुळे गाडी हवीच.

आता मुख्य प्रश्न. बाबा एसटीत चालक होते. वरंधा आणि आंबेनळी घाटात त्यांनी उमेदीची वर्षं काढली. ट्रूडोसचा नकाशा दाखवला तेव्हापासून त्यांचं एकच चाललंय, 'डोंगरातली गाडी मी चालवणार.' मला हे मनापासून व्हायला हवंय. त्यांचा परवाना चालू आहे, दृष्टी उत्तम आहे, पुण्यात आजही रोज चालवतात. पण गाड्या भाड्याने देणाऱ्या दोन-तीन कंपन्यांच्या अटी वाचल्या, तर त्यात किमान वयासारखं कमाल वयही दिलेलं आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं नाव दुसरा चालक म्हणून कुणी घालून घेतलंय का? जास्तीचे पैसे भरून जमतं, की सरळ नाही म्हणतात? डॉक्टरांचं पत्र नेलं तर उपयोग होतो का? नाव करारात नसताना त्यांच्या हातात गाडी द्यायची नाही हे आमचं पक्कं आहे, कारण मग विम्याचा काहीच आधार राहत नाही. म्हणून निघण्याआधी लेखी होकार मिळवायचा आहे.

आंतरराष्ट्रीय परवाना दोघांचाही काढतोय. आरटीओची फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवाना सोबत लागतोच.

विम्याचं मात्र डोकं चालेना. भाड्यात धरलेल्या विम्यात आपल्या खिशातून द्यायची रक्कम बरीच मोठी आहे आणि तेवढे पैसे क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं हवं. शिवाय टायर, काचा आणि गाडीची खालची बाजू बहुतेक वेळा विम्याबाहेर. काउंटरवर त्यांचा पूर्ण विमा घ्यावा की आधीच बाहेरून वेगळा घ्यावा? बाहेरचा स्वस्त पडतो, पण त्यात आधी आपण भरायचं आणि मग मागायचं. ज्यांनी खरोखर असा दावा करून पैसे परत मिळवलेत त्यांचं मत मला सगळ्यात मोलाचं वाटेल.

ट्रूडोसबद्दल सविस्तर सांगा. ऑलिंपस शिखर १९५२ मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा बरंच उंच. आसिनूचं चर्च, किक्कोसचा मठ आणि आतल्या भिंतींवर जुनी चित्रं असलेली जमतील तेवढी चर्च पाहायची आहेत. युनेस्कोच्या यादीत अशी १० आहेत आणि काहींची किल्ली गावातल्या माणसाकडे असते असं वाचलं. म्हणजे वेळ हातात ठेवून जायला हवं. पाफोसहून सकाळी निघून रात्री परत येण्यापेक्षा डोंगरातच दोन रात्री राहावं असं मला वाटतं, कारण ऑक्टोबरात संध्याकाळी सहा-साडेसहाला अंधार पडतो आणि अनोळखी वळणांवर आई-बाबांना घेऊन रात्री उतरायचं नाही. राहायला कुठलं गाव सोयीचं? पाच माणसं आणि सामान घेऊन लहान इंजिनाची गाडी चढाला दमते का? ऑटोमॅटिकला भाडं जास्त आहे. बाबांना गिअरचीच हवी आहे, मला दोन्ही चालेल.

पाफोसच्या पुढच्या आकामास द्वीपकल्पातल्या कच्च्या रस्त्याने लारा किनाऱ्यापर्यंत साधी गाडी नेऊ नये असं माझं मत झालंय. कुणाचा अनुभव वेगळा असेल तर सांगा, नाहीतर तो बेत सोडला.

दुसरी मोठी अडचण उत्तर भागाची. १९७४ पासून बेट दुभंगलेलं आहे, उत्तर भाग तुर्कस्तानच्या ताब्यात आहे आणि दक्षिणेत घेतलेल्या गाडीचा विमा उत्तरेत चालत नाही. सीमेवर तिथला विमा विकत मिळतो, पण तो फक्त समोरच्याच्या नुकसानीचा. आपल्या गाडीला काही झालं तर सगळा भुर्दंड आपला. काही कंपन्या तर गाडी पलीकडे न्यायलाच मनाई करतात. मला उत्तरेतले सलामिस या प्राचीन शहराचे अवशेष आणि फामागुस्ताची तटबंदी पाहायची फार इच्छा आहे. गाडी राजधानी निकोसियात लावून तिथल्या लेद्रा रस्त्यावरून पायी सीमा ओलांडायची आणि पलीकडे टॅक्सी करायची, हे वयस्कर माणसांना घेऊन एका दिवसात झेपेल का? टॅक्सीवाले दिवसभरासाठी ठरवून येतात का? आणि निकोसियात दिवसभर गाडी निर्धास्त कुठे लावता येईल?

लहान मुलीसाठी गाडीतलं उंच आसन (बूस्टर सीट) गाडीच्या कंपनीकडून भाड्याने घ्यावं की इथून न्यावं? त्यांच्याकडची आसनं धड असतात का एवढंच विचारायचं आहे.

बाबांची एक खास इच्छा आहे. आपले माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख म्हणून सायप्रसमध्ये असताना डिसेंबर १९६५ मध्ये तिथेच वारले. लार्नाकात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरून गाडी न्यायची असं बाबांनी ठरवलंय. तिथे गाडी कडेला घेऊन पाच मिनिटं थांबता येईल अशी जागा कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.

तिकिटं काढून झाली आहेत, गाडीचं आरक्षण बाबांच्या वयाच्या प्रश्नावर अडलंय. त्यामुळे निदान त्याबद्दल तरी कुणी लवकर लिहिलंत तर फार मदत होईल.