ग्लोव्ह्ज घातले म्हणजे हात स्वच्छ झाले का?

रात्रपाळी:
परवा इथेच एकांनी लिहिलं होतं, "आईचं ऑपरेशन नीट झालं आणि कॅन्युलाच्या (शिरेत बसवलेल्या नळीच्या) इन्फेक्शनने ती आठ दिवस जास्त पडून राहिली. सिस्टर ग्लोव्ह्ज न घालताच इंजेक्शन द्यायच्या. कंटाळा, दुसरं काय." खाली सगळ्यांनी "अगदी बरोबर" लिहिलंय. बारा वर्षं वॉर्डात काढलीत, वाचून चीड आली म्हणून लिहितेय.

आईंना त्रास झाला त्यावर माझा वाद नाही. पण ग्लोव्ह्ज नव्हते हे कारण कुठून आलं? रक्त येत नसेल तर लाइनमधून, म्हणजे त्या नळीतून, औषध देताना ग्लोव्ह्ज लागत नाहीत, डब्ल्यूएचओच्या हँड हायजिनच्या माहितीत ते स्पष्ट दिलंय. लागतं काय, तर हात रब केलेले (अल्कोहोलच्या हँडरबने चोळलेले), पोर्ट म्हणजे औषध सोडायचं तोंड अल्कोहोलच्या वाइपने दहा-पंधरा सेकंद घासून पूर्ण वाळू दिलेला आणि सिरिंजचं टोक कशालाही न टेकलेलं. याउलट ग्लोव्ह्ज चढवलेली सिस्टर पडदा सारते, बेडची रेलिंग धरते, पंपाचं बटण दाबते आणि त्याच ग्लोव्ह्जने पोर्ट उघडते, तेव्हा नातेवाइकांना वाटतं किती काळजी घेतात! ग्लोव्ह्जना बारीक भोकं असू शकतात, काढताना हात खराब होतात, म्हणून काढल्यावरही हात रब करायचेच असतात. पण ते कोण बघतंय.

आईचालेक:
ती पोस्ट माझीच. मी तीन रात्री खुर्चीत बसून काढल्यात, त्यामुळे मला शिकवू नका. बेडच्या पायाशी हँडरबची बाटली लावलेली होती, एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जाताना तिला हात लागलेला मी एकदाच पाहिला. आईची पट्टी दुपारपासून ओली होती, तीनदा सांगितलं, "बघते" म्हणाल्या. सकाळी हात कोपरापर्यंत सुजलेला आणि लाल रेघ वर चढलेली. ग्लोव्ह्जबद्दल माझं चुकलं असेल, कंटाळ्याबद्दल नाही.

जुनीसिस्टर:
दोघांचंही ऐकलं. माझ्या मते ही हँडरबची बाटली आली आणि शिस्त गेली. आम्ही सिरिंजा उकळायचो, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचो. आत्ताच्या मुली दोन थेंब चोळतात आणि पुढे जातात.

लिंकनर्स:
मॅडम, तुमचा मान राखून सांगतो, हे चुकीचं आहे. हात दिसायला मळलेले नसतील तर अल्कोहोलचा रब साबणापेक्षा जास्त जंतू मारतो आणि त्याला २० ते ३० सेकंद लागतात. साबण-पाण्याला ४० ते ६०. तासात वीस वेळा हात साफ करायची वेळ आली तर साबणाने वीस मिनिटं बेसिनपाशीच जातात, तेवढ्यात पेशंटकडे कोण बघणार? आणि उकळण्याच्याच काळात चीटल फोर्सेप्स (उकळलेली अवजारं उचलायचा लांब चिमटा) दिवसभर एकाच बरणीत उभा असायचा, तो वॉर्डातल्या प्रत्येकाने उचललेला. ती बरणीच जंतूंचं घर निघाली.

जुनीसिस्टर:
चीटलचं खरं आहे, मीच भरायचे ती बरणी. पण सी. डिफ या आतड्यातल्या जंतूने जुलाब होणाऱ्या पेशंटला तुमचा रब चालतो का, सांगा!

लिंकनर्स:
नाही चालत. त्याचे स्पोअर, म्हणजे कवचातले सुप्त जंतू, अल्कोहोलने मरत नाहीत, तिथे ग्लोव्ह्ज आणि साबण-पाणीच. हा मुद्दा तुमचा.

रेसिडेंट२:
एक बोलतो, राग मानू नका. वॉर्डातल्या इन्फेक्शनचं ऑडिट काढलं की नर्सिंगचंच नाव येतं, कारण पेशंटला सगळ्यात जास्त हात त्यांचे लागतात. यात अपमान कसला.

रात्रपाळी:
सगळ्यात जास्त हात आमचे लागतात, कारण सगळ्यात जास्त काम आम्ही करतो! आणि ऑडिट राऊंडच्या वेळी का होत नाही? मागे एका सरांनी एकाची जखम उघडली, बोटाने दाबून बघितली आणि तसेच शेजारच्या बेडकडे वळले. मी रबची बाटली पुढे केली तर सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टर, तुमचं काम करा." ते माझंच काम होतं. तुम्ही मागे उभेच असता ना डॉक्टर, तुमच्यातलं कोणी का बोलत नाही?

रेसिडेंट२:
बोलून वर्ष वाया घालवू? आमची परीक्षा त्यांच्याच हातात असते. तुम्हाला निदान युनियन आहे.

रात्रपाळी:
म्हणजे पेशंटपेक्षा परीक्षा मोठी. लिहून दिलंत ते बरं केलंत.

रेसिडेंट२:
शब्द फिरवू नका. छत्तीस तास ड्युटी करून बघा, मग बोला.

लिंकनर्स:
दोघं थांबा जरा. हे भांडण १८४७ पासूनचं आहे. व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात दोन प्रसूती वॉर्ड होते, एक डॉक्टर-विद्यार्थ्यांचा, एक सुइणींचा, आणि बाया मरायच्या डॉक्टरांच्या वॉर्डात, कारण ते शवविच्छेदन करून थेट यायचे. तिथल्या डॉक्टर सेमेलवाइसने क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावल्यावर एप्रिलमध्ये शंभरात १८ मरत होत्या त्या जूनमध्ये दोनच्या आसपास आल्या. तरी वरिष्ठांनी मानलं नाही, आपले हात घाण आहेत हे ऐकायची तयारी नव्हती. पुढे अमेरिकेत मिशिगनच्या शंभरावर आयसीयूत सेंट्रल लाइनसाठी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणाऱ्या नळीसाठी) पाच गोष्टींची यादी केली, २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. यादीत नवीन काहीच नाही, हात धुणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा साफ करणं, पेशंटला पूर्ण निर्जंतुक कापडाने झाकणं (ड्रेप), मांडीतली लाइन टाळणं, गरज संपली की काढणं. पण डॉक्टर पायरी चुकले तर सिस्टरने थांबवायचं, हा अधिकार वरून दिला होता. तीन महिन्यांत हजार लाइन-दिवसांमागचं (एक लाइन एक दिवस आत म्हणजे एक लाइन-दिवस) इन्फेक्शनचं मध्यक प्रमाण २.७ वरून शून्यावर आलं.

रेसिडेंट२:
अधिकार वरून दिला होता, हेच तर मी म्हणतोय. इथे तो ना तुम्हाला आहे ना मला. पण ठीक आहे, सिस्टर बाटली पुढे करत असताना मी मान खाली घातली होती अशा राऊंड मलाही आठवतात.

जुनीसिस्टर:
आणि ग्लोव्ह्ज मुळात कशासाठी आले तेही सांगा. अमेरिकन सर्जन हॉलस्टेडकडच्या कॅरोलाइन हॅम्प्टन या सिस्टरचे हात मर्क्युरिक क्लोराइड या जंतुनाशकाने सोलून निघायचे, म्हणून १८९०च्या आसपास तिच्यासाठी रबरी ग्लोव्ह्ज करून घेतले. सिस्टरच्या कातडीसाठी! माझेही हात दर थंडीत फुटायचे, रक्त यायचं, आणि फुटलेल्या हातावर जंतू जास्त बसतात. मॉइश्चरायझर मागितलं तर म्हणाले घरून आणा. कंटाळा म्हणण्याआधी हे हात बघा कोणीतरी.

आईचालेक:
हात फुटतात हे मला खरंच माहीत नव्हतं. पण सेमेलवाइस, हॉलस्टेड सगळं झालं, ओल्या पट्टीचं कोणीच बोललं नाही.

रात्रपाळी:
बोलते. ओली किंवा सुटलेली पट्टी लगेच बदलायची असते, त्याला वेळापत्रक नसतं. दुपारी सांगून सकाळपर्यंत राहिली ही चूक आमचीच, स्टाफ कितीही कमी असो. एका बेडवरून दुसऱ्यावर रब न करता गेल्या असतील तर तीसुद्धा. हे लिहायला जड जातंय. ग्लोव्ह्जचं मात्र मी मागे घेणार नाही.

आईचालेक:
घेऊ नका. आईला पुन्हा ॲडमिट करायचंय, पुढच्या महिन्यात. कॅन्युला रोज कोणी बघायची असते?

रात्रपाळी:
दर शिफ्टला, ज्यांच्याकडे तो बेड आहे त्यांनी. लाली, सूज, दुखणं, पट्टी ओली, यातलं एक जरी असलं तरी लगेच सांगा. आणि शिरेतून औषध बंद झालं की त्याच दिवशी विचारा, "आता ही काढायची ना?" नुसती असू दे म्हणून ठेवलेल्या कॅन्युलाच जास्त त्रास देतात.