‘काही करत नाही हो तो!’ हे वाक्य आता माझ्याच घशात अडकतंय (मदत हवी आहे)

उंबरठा

नमस्कार मंडळी. इथे कुत्री पाळणारे बरेच आहेत आणि कुत्रेवाल्यांच्या नावाने बोटं मोडणारेही आहेत. मला दोघांचीही मदत हवी आहे.

आमच्याकडे भुंगा आहे. वय अडीच वर्षं, वजन 22 किलो, रंग नावाप्रमाणे. आठ महिन्यांपूर्वी दत्तक घेतला, त्यामुळे त्याआधी त्याने काय काय पाहिलंय ते ठाऊक नाही. घरात इतका गुणी की पाहुण्यांना कुत्रा आहे हे निघताना कळतं. पण पट्टा लावून खाली उतरलो की हाच का तो, असा प्रश्न पडावा. समोरून दुसरा कुत्रा, पळणारं माणूस किंवा काठी घेतलेलं कोणी आलं की भुंकत झेप घेतो. मी मागे ओढते, तो दुप्पट जोराने पुढे ओढतो. आमची ही रस्सीखेच रस्ताभर चालते.

गेल्या आठवड्यात सकाळी कोपऱ्यावर वळलो आणि समोर एक आजोबा. रोज दिसणारे. भुंगा मागच्या दोन पायांवर उभा राहून भुंकला. चावला नाही, त्याचा स्पर्शही झाला नाही. पण आजोबा दचकून मागे सरले, काठी सुटली, भिंतीचा आधार मिळाला म्हणून पडले नाहीत. आणि मी काय म्हणाले? ‘घाबरू नका आजोबा, काही करत नाही हो तो!’

काठी उचलून दिली तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते फिरायला आलेले नाहीत.

तर, याला कसं सुधारायचं? मुसकं बांधावं का? आणि आजोबांकडे जाऊन माफी मागावी, की त्यांना आणखी अवघड होईल?

जुना_खेळाडू

आधी तीन प्रश्न. पट्टा केवढा आहे? गळ्यात अडकवता की हार्नेसला (छातीभोवती बसतो तो पट्टा)? आणि त्या वेळी तुमच्या दुसऱ्या हातात काय होतं?

उंबरठा

पाच मीटरचा, बटण दाबलं की सुटतो आणि गुंडाळतो तो डबीवाला. गळ्यातल्या पट्ट्यालाच अडकवते. दुसऱ्या हातात... फोन.

तिरकस

सापडला आरोपी. भुंग्याला जामीन द्या. (हलके घ्या.)

जुना_खेळाडू

तिरकसभाऊ चेष्टा करतायत, पण मुद्दा बरोबर आहे. कोपऱ्यावर वळताना कुत्रा तुमच्या पुढे असेल तर समोरच्याला आधी तो भेटतो, तुम्ही नंतर. वळणावर, जिन्यात, दारातून बाहेर पडताना कुत्रा कायम आपल्या गुडघ्याशी हवा आणि डोळे रस्त्यावर. फोन खिशात.

ती डबी आजच माळ्यावर टाका. तिच्या दोरीला कायम थोडा ताण असतो, म्हणजे ओढलं की पुढे जाता येतं हेच कुत्रा रोज शिकतो. ब्रेक दाबेपर्यंत तो चार पावलं पुढे गेलेला असतो. शिवाय ती बारीक दोरी कोणाच्या पोटरीला घासली तर चांगलीच कापते. दीड ते दोन मीटरचा साधा चपटा पट्टा घ्या आणि छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस. त्याला ओढ घेतली की कुत्रा आपोआप तुमच्याकडे वळतो आणि गळाही सुटतो.

आता तो असं का करतो. (अंदाज आहे हं, मी भुंग्याला पाहिलेलं नाही.) मोकळ्या कुत्र्याला समोरचं काही नको असेल तर तो वळसा घालून निघून जातो. दोन मोकळी कुत्री भेटतात ती नाकासमोर चालत येत नाहीत, कमान घेऊन बाजूने येतात आणि एकमेकांची मागची बाजू हुंगतात. आपण त्यांना पदपथावर समोरासमोर आणतो, वर पट्टा ताणतो. ताणला की कुत्र्याची छाती वर येते, समोरच्या कुत्र्याला ते आव्हान वाटतं. पळायची सोय आपणच काढून घेतलेली, मग त्याच्याकडे उरतं काय? ‘तूच जा.’ तो भुंकतो, आजोबा मागे सरतात. त्याच्या लेखी उपाय लागू पडला. पुढच्या वेळी तो आणखी लवकर भुंकणार.

त्यामुळे सगळा खेळ अंतराचा आहे. इतक्या लांब उभ्या राहा की भुंग्याला काठीवाला माणूस दिसेल पण तो भुंकणार नाही. दिसला की लगेच नखाएवढा, मऊ, चांगल्या वासाचा खाऊ. माणूस नजरेआड झाला की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा: आधी माणूस दिसणार, मग खाऊ. काही दिवसांनी काठी दिसली की तो तुमच्या तोंडाकडे बघायला लागेल, तेव्हा दोन पावलं जवळ जा. तो खाऊ घेतच नसेल किंवा तुमची बोटं चावत घेत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे फिरा. ‘चल मागे’ म्हणून उलट वळायची सवय घरातच लावून ठेवा, ऐन वेळी शिकवता येत नाही.

लांबूनच_बरा

मी दुसऱ्या बाजूचा. सातव्या वर्षी पोटरीला कुत्रा चावला, टाके पडले. आज वय सांगत नाही, पण समोरून कुत्रा आला की अजूनही हात गार पडतात.

उंबरठाताई, तुमचा प्रामाणिकपणा आवडला म्हणून लिहितोय. मला कुत्र्यांचा राग नाही. ‘काही करत नाही’ या वाक्याचा मात्र येतो. कारण त्याचा माझ्या कानांना ऐकू येणारा अर्थ असा: तुमची भीती वेडगळ आहे आणि मी काहीही करणार नाहीये. तुमचा कुत्रा स्वभावाने कसा आहे हे मला नकोच असतं. तुम्ही त्याला धरलंय का, एवढंच हवं असतं.

मला काय बरं वाटतं सांगू? लांबून मला पाहून माणूस थांबतो. कडेला होतो, कुत्र्याला पलीकडच्या बाजूला घेतो, म्हणजे मध्ये तो स्वतः. पट्टा हाताला गुंडाळून आखूड करतो, तेही मला दिसेल असं. आणि म्हणतो, ‘धरलाय मी, तुम्ही जा निवांत.’ बस. अशा माणसाला मी आपणहून नमस्कार करतो.

आणखी एक. माझं घाबरणं बरं करायचा मक्ता कृपया कोणी घेऊ नका. ‘एकदा हात लावून बघा ना’ म्हणत कुत्रा पुढे आणणारे फार भेटलेत.

जुना_खेळाडू

लांबूनच_बरा यांना पूर्ण अनुमोदन, फक्त एक दुरुस्ती: पट्टा हाताला गुंडाळू नका. 22 किलोच्या कुत्र्याने हिसका दिला तर बोटं किंवा मनगट दुखावतं. टोकाचा फास अंगठ्यात घ्या आणि उरलेला पट्टा दुमडून मुठीत धरा.

पाचवा_मजला

लिफ्टचं कोणी बोललंच नाही. दार उघडतं आणि आत कुत्रा, हा माझा रोजचा धक्का. आमच्याकडच्या एक काकू दार उघडायच्या आधीच कुत्र्याला मागच्या कोपऱ्यात बसवतात आणि स्वतः त्याच्या पुढे उभ्या राहतात. कोणी बिचकलं तर ‘तुम्ही व्हा पुढे, आम्ही पुढच्या खेपेला येतो’ म्हणतात. तो कुत्रा आता सगळ्या इमारतीचा लाडका आहे. लिफ्ट म्हणजे खोकं, तिथे ते अंतर-बिंतर काही मिळत नाही. भुंग्याला सध्या जिन्यानेच न्या.

तिरकस

आता माझा आवडता विषय. शी. कुत्रेवाले आकाशाकडे बघत उभे राहतात ती पोज मी ओळखून आहे. विचारलं तर उत्तर तयार: ‘खतच होतं ना त्याचं!’ आणि गाड्यांच्या चाकांवरची सू वेगळी. माझ्या चाकावर तर रांग लागते.

उंबरठा

पिशव्या मी नेते हो, शपथ. एक जादाही नेते, कोणाला लागली तर. चाकांबद्दल मात्र गुन्हा कबूल.

गुरांचा_डॉक्टर

नावावर जाऊ नका, कुत्रीमांजरंही बघतो.

खताचा मुद्दा निकालात काढू. शेणाची आणि कुत्र्याच्या विष्ठेची बरोबरी होत नाही. कुत्र्यांच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ताजी असताना ती लागण करत नाहीत, मातीत साधारण दोन ते चार आठवडे राहिली की करतात, आणि पुढे वर्षानुवर्षं टिकू शकतात. म्हणजे लगेच उचललं तर धोका तिथेच संपतो आणि ‘पावसाने जाईल’ म्हणून सोडलं तर महिन्याने त्याच मातीत खेळणाऱ्या पोराच्या नखांत जातो. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. जंताचं औषध वेळच्या वेळी द्या आणि पिशवीला गाठ मारून ती कचऱ्याच्या डब्यात टाका. झाडाच्या फांदीला अडकवू नका, तेही पाहिलंय.

सूसाठी: खाली उतरल्यावर आधी एखाद्या मोकळ्या, मातीच्या जागी न्या, तिथे झाल्यावरच पुढचा फेरफटका. ठरलेल्या जागेची सवय लागते. बाटलीत पाणी ठेवा, भिंतीवर किंवा चाकावर झालीच तर ओता.

आता भुंगा. एक, आठ महिन्यांपासून असंच आहे की अलीकडे वाढलंय? अलीकडे वाढलं असेल तर आधी तपासून घ्या. कान, दात, सांधे दुखत असले की शहाणी कुत्रीही चिडकी होतात. दोन, गुरगुरला म्हणून ओरडू किंवा मारू नका. गुरगुर ही त्याची सूचना आहे. ती दाबली की भीती तशीच राहते, फक्त सूचना न देता चावणारा कुत्रा तयार होतो. त्याच्याही आधीच्या खुणा शिका: जांभई, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, अंग ताठ होणं. शेपूट हलतेय म्हणजे खूश, असंही नाही. ताठ उंच धरून थरथरणारी शेपूट म्हणजे ताण.

तीन, मुसकं. बांधायला काहीच हरकत नाही, शिक्षा म्हणून बघू नका. पण जाळीचंच घ्या, त्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत. कुत्रा अंग थंड ठेवतो ते मुख्यतः धापा टाकून. तोंड आवळून बंद करणारं कापडी मुसकं फिरायला घालू नका.

आणि कधीकाळी चावलाच, साधा ओरखडा का असेना, तर ‘त्याला इंजेक्शनं दिलीत’ म्हणून समोरच्याला घरी पाठवू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. लसीचा कागद तुम्ही स्वतः दाखवायचा, त्याने मागायची वाट बघायची नाही.

नवा_कोरा

मध्येच घुसतो. लहान मुलं विचारतात, ‘हात लावू का?’ नाही म्हणायला जीवावर येतं. काय करता?

जुना_खेळाडू

विचारणाऱ्या मुलाचं आधी कौतुक करायचं, मग सरळ ‘आज नको’. हो म्हणायचंच असेल तर मुलाला एका बाजूला स्थिर उभं करा, कुत्र्याला स्वतःहून येऊ द्या, आणि छातीवर किंवा खांद्यावर हात. डोक्यावरून हात आणला की बरीच कुत्री दबतात. मिठी तर अजिबात नको. कुत्रा दूर झाला की भेट संपली. दुसऱ्या कुत्रेवाल्यालाही आधी विचारायचं. त्याचा कुत्रा आजारी, म्हातारा किंवा भुंग्यासारखा असू शकतो. अंध व्यक्तीसोबतचा मार्गदर्शक कुत्रा असेल तर विचारूही नका, तो कामावर आहे.

उंबरठा

तीन आठवड्यांनी येतेय.

आजोबांकडे गेले होते. भुंग्याला न नेता. मी बोलायला लागले तर त्यांनीच थांबवलं. म्हणाले, ‘कुत्र्याची भीती नाही गं मला, पडण्याची आहे. खुब्याचं ऑपरेशन झालंय.’ हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नुसती चावण्याचा हिशेब करत बसले होते. मग मी विचारलं, तुम्ही किती वाजता निघता? त्यांनी वेळ सांगितली. आता आम्ही त्यांच्या आधी अर्धा तास जाऊन येतो. पहिले चार दिवस ते आलेच नाहीत, पाचव्या दिवशी दिसले.

आता आठवड्यातून दोनदा मुद्दाम त्यांच्या वेळेला उतरते, पण रस्त्याच्या पलीकडून. त्यांना सांगून. ते काठी टेकत येतात, भुंगा बघतो, मी खाऊ देते. काल त्यांनी लांबून काठी थोडी वर करून हलवली, मला म्हणून. भुंगा एकदा भुंकला आणि मग माझ्या खिशाकडे बघायला लागला. कुत्र्यांच्या बाबतीत अजून शून्य प्रगती, समोर कुत्रा दिसला की आम्ही ‘चल मागे’ करून सरळ पळ काढतो.

डबीचा पट्टा माळ्यावर आहे. तिरकस, चाकांसाठी पाण्याची बाटली सोबत असते, तुमची गाडी कुठली ते कळलं तर धुऊनही देईन.

डॉक्टर, एक शंका. मुसक्यात खाऊ ठेवून ते जमिनीवर ठेवते, तो आपलं आपण नाक घालतो. परवापासून तो मुसकं स्वतःच तोंडात धरून माझ्याकडे आणतोय. आता बक्कल लावू का?

गुरांचा_डॉक्टर

अजून नको. तुम्ही मुसकं हातात धरा, त्याला नाक आत ठेवू द्या आणि जाळीतून खाऊ देत राहा. दहा-पंधरा सेकंद सलग राहिला की मग बक्कल, तेही घरात, मिनिटभर. बाहेर न्यायची घाई करू नका. कान तपासले का?

उंबरठा

तपासले. डावीकडे संसर्ग निघाला, औषध चालू आहे. तो डावीकडून येणाऱ्यांवरच जास्त भुंकायचा, हे आता लक्षात येतंय.