अकरावी कला : विषय निवडायचे, की मिळतील ते घ्यायचे?

पऱ्हाटी :
कॉलेजच्या माहितीपत्रकात ऐच्छिक विषय सात. खिडकीवर गेलं की बाबू म्हणतो, "आपल्याकडं एकच गट हाय. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र." पुतणीला भूगोल पाहिजे होता. दहावीत ४० गुणांचा भूगोल घ्या अन् अकरावीत विसरा! कापूस-सोयाबीनच्या गावात, जिथं उन्हाळ्यात बोअर आटतात, तिथंच हा विषय नाही. माझं म्हणणं, समाजशास्त्र काढा, भूगोल ठेवा.

निवृत्त_मास्तर :
भाऊ, बारावीच्या भूगोलाला लेखी ८० आणि प्रात्यक्षिक २०. त्याला नकाशे लागतात, शिकवणारा लागतो. तासिका तत्त्वावरचा, म्हणजे तासागणिक मानधनावरचा शिक्षक दुसरीकडं काम मिळालं की निघून जातो, मग ऐन परीक्षेला पोरगी एकटी. चार विषय धड शिकवा ना. सातांची पाटी लावतात, ती मात्र फसवणूकच आहे, तिथं मी तुमच्या बाजूनं.

जंगलवाट :
समाजशास्त्र काऊन काढता दादा? लग्नातली देणी-घेणी, कामासाठी गाव सोडणारी घरं, हे सारं त्यातच येते. मी गडचिरोलीकडची. आमच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २००६ च्या वनहक्क कायद्यानं. अन् इथलेच पोट्टे राज्यशास्त्रात राज्यपालाचे अधिकार घोकतात. ग्रामसभेचा ठराव लिहायला सांगा, सूचक-अनुमोदक म्हणजे कोण, हे तुम्हालाच विचारतील. विषय बदलून काय होते, शिकवणं बदला.

पऱ्हाटी :
ताई, ठरावाचं पटलं. पण नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जवळ आल्या की चढ उभा, हे कळलेलं पोरगं शेततळ्याची जागा पाहताना वाद घालते. ते राज्यशास्त्रातून यायचं नाही. समाजशास्त्र काढा म्हणालो, ते रागात. दोन्ही ठेवा.

निवृत्त_मास्तर :
ठेवा म्हणणं सोपं. तुकडीत दहा पोरं, त्यात भूगोलाची तीन. मंजुरी कोण देईल?

पऱ्हाटी :
शेजारच्या दोन कॉलेजांनी मिळून एक शिक्षक घ्यावा. तीन दिवस इकडं, तीन दिवस तिकडं.

निवृत्त_मास्तर :
म्हणजे वेळापत्रक एसटीच्या हाती. गाडी चुकली की तास बुडाला.

पऱ्हाटी :
सर, अर्थशास्त्राचे सर आताही त्याच गाडीनं येतात.