फीत काढा म्हणणाऱ्यांनो, आधी एक परेड उन्हात उभं राहून बघा

साखळीचो
काल रात्री इथे एका मामांनी लिहिलं (नाव घेत नाही, येतीलच ते) की एनसीसीच्या ज्युनिअर डिव्हिजनमधले लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट हे हुद्दे बंद करा, आठवी-नववीच्या पोरांना कशाला हवेत. कारण काय तर भाचीला तिच्याच वर्गातल्या सार्जंट मुलीने मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या. वर "दंडावर तीन फीती चढल्या की ही पोरं घरच्या कुत्र्याकडूनही सॅल्यूट मागतात" असं वाक्य, आणि खाली सगळे हसतायत.

डोकं फिरलं म्हणून लांब लिहितोय. मी ए सर्टिफिकेटवाला (शाळेतल्या एनसीसीचं), कॉर्पोरलच्या पुढे गेलो नाही, त्यामुळे सार्जंट लोकांची वकिली करायचं मला काही कारण नाही. माझ्याकडे एक सेक्शन होता, दहा पोरं. काम म्हणजे परेडच्या आधी मोजायचं, कोण आला नाही, का आला नाही, कोणाच्या टोपीवरचा लाल हॅकल (पिसांचा तुरा) हरवला, कोणी भावाचा ढगळ बेल्ट घालून आलाय. तो आकडा सार्जंटला, सार्जंटकडून एएनओ सरांना, म्हणजे एनसीसी सांभाळणाऱ्या शाळेतल्या शिक्षकांना. एकदा मी ठोकून दिलं "दहा हजर" आणि उभे होते नऊ. दहावा कॅन्टीनमागे सामोसा खात होता. सरांनी त्याला काहीच विचारलं नाही, मला विचारलं, सगळ्या ट्रूपसमोर. दोन फीतींचं वजन किती असतं ते त्या दिवशी कळलं. आता ही फीत काढली तर ती दहा पोरं मोजणार कोण, सर? आधीच शंभरावर एक सर असतात.

भाचीचा मामा
तो मामा मीच. सामोशाची गोष्ट गोड आहे पण माझा प्रश्न तू बाजूलाच ठेवलास, शिक्षा द्यायचा अधिकार तिला कोणी दिला? बूट पॉलिश नव्हते कारण गणेशचवथीला आम्ही सगळे गावी होतो, बूट इथे. मी सरांना जाऊन भेटलो तर म्हणतात "हा ट्रूपचा अंतर्गत मामला आहे, तुम्ही सार्जंटशी बोला." मी ४२ वर्षांचा माणूस, नववीतल्या पोरीसमोर हात जोडून उभा राहू? "मॅडम, माझी भाची..." म्हणत?

सुभेदार (रिटायर्ड)
मी चार वर्षं एनसीसीत पीआय (फौजेतून आलेला प्रशिक्षक) होतो म्हणून बोलतो. कॅडेट सार्जंटने हजेरी घ्यायची, ड्रिल घ्यायची, रिपोर्ट द्यायचा. शिक्षेचं बघायला एएनओ आणि पीआय आहेत. तेव्हा ती पोरगी चुकली, पण तिच्याहून जास्त ते सर चुकले. साखळी वरच्या टोकाला तुटलेली आहे आणि तुम्ही खालची कडी काढायला निघालात. सरांच्या वर बटालियनचे सीओ (कमांडिंग ऑफिसर) असतात, त्यांच्या वर ग्रुप कमांडर, मग बंगळुरूला कर्नाटक-गोवा डायरेक्टोरेट, मग दिल्लीला डीजी, म्हणजे एनसीसीचे महासंचालक. सीओंना एक चिठ्ठी लिहायची होतीत. तुम्ही थेट इथे.

भाचीचा मामा
म्हणजे दोन फेऱ्यांसाठी आता दिल्लीपर्यंत अर्ज. कळलं साहेब.

मावळा डिचोली
मुळात हे लान्स कॉर्पोरल कसलं? आपल्या फौजेत लान्स नाईक, नाईक, हवालदार आहेत, सार्जंट सापडतो तो एअरफोर्समध्ये. महाराजांच्या घोडदळात २५ स्वारांवर हवालदार आणि पाच हवालदारांवर जुमलेदार होता. एनसीसीचा कायदा १९४८ चा, गोरे तोपर्यंत गेलेले, तरी पोरांच्या दंडावर नावं त्यांचीच!! याच्यावर बोला कोणीतरी.

मांडवीकाठ
गोव्यात गोरे कुठले बाबा, आमच्याकडे पाखले, म्हणजे पोर्तुगीज. आमच्या आज्याला विचारलं असतंस तर कॉर्पोरल-सार्जंटला पोर्तुगीजमध्ये काबो आणि सार्जेंत म्हणाला असता. आणि चेन ऑफ कमांडवर एवढं चाललंय, गोव्यात बसून, तरी इथला शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर वासालो ई सिल्वा याचं नाव कोणी काढत नाही हे नवल. भारतीय फौज गोव्यात शिरायच्या आधी, १४ डिसेंबर १९६१ ला, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने त्याला कळवलं की शरणागती नाही, सैनिक एक तर जिंकलेले हवेत नाहीतर मेलेले. १९ ला गव्हर्नर शरण आला. हुकूम पाळला असता तर पणजीत दगडावर दगड राहिला नसता. कॅडेटांना हे शिकवा आधी.

सुभेदार (रिटायर्ड)
हे शिकवलंत तर पोरं उद्या "सर, वासालो" म्हणून परेड चुकवतील. सैनिक हुकूम मोडतो तेव्हा किंमत पण मोजतो. त्यालाही १९६३ ला त्याच्या सरकारने फौजेतून काढलं.

मांडवीकाठ
आणि १९७४ ला तिथली राजवट उलथल्यावर परत घेतलं, ते अर्धं कोण सांगणार?

मावळा डिचोली
शत्रूच्या गव्हर्नरची आरती पुरे. सांगायचंच तर गोवा मुक्त करणाऱ्या आपल्या फौजेतल्या ब्रिगेडियर सगतसिंगांचं सांगा. मूळ योजनेत त्यांच्या ५० पॅरा ब्रिगेडचं काम दुय्यम होतं, पणजीला पोचली तीच पहिली. हुकमाची वाट बघत बसले असते तर?

सुभेदार (रिटायर्ड)
अर्धवट वाचून लिहू नका हो! १८ च्या संध्याकाळी पलटण बेतीला पोचली, समोर पणजीचे दिवे, मध्ये फक्त मांडवी. तरी रात्री उतरले नाहीत, थांबले. १९ ला सकाळी नदी ओलांडली. धावणं पण शिस्तीत आणि थांबणं पण शिस्तीत. आमच्या वेळी हे पोरांना तोंडपाठ असायचं.

मांडवीकाठ
"आमच्या वेळी" आलं, आता आपण झोपूया.

सुभेदार (रिटायर्ड)
तुम्ही किती वर्षं गणवेश घातलात ते सांगा, मग झोपा.

फोंड्याची आई
अहो काका, थांबा तुम्ही सगळे. दोन फेऱ्यांवरून सालाझार?? माझी लेक गेल्या वर्षी दहा दिवसांच्या कॅम्पला होती. रात्री दीडला शेजारच्या मुलीला दम लागला, धाप थांबेना. माझी लेक साधी कॅडेट, फीत नाही काही नाही. रडत बसली नाही, तंबूतल्या कॉर्पोरलला हलवून उठवलं, तिने अनवाणी धावत जाऊन जीसीआय मॅडमना (मुलींच्या प्रशिक्षक) उठवलं, आणि मॅडमनी गाडी काढली. कोणाला उठवायचं हे माहीत होतं म्हणून जमलं. घरी हीच मुलगी पाल दिसली तर अख्ख्या बिल्डिंगला उठवते. पण खरं ते सगळंच सांगते, त्याच कॉर्पोरलने त्याच कॅम्पात हिच्याकडून तीनदा आपले मोजे धुऊन घेतले. मी विचारलं, तू धुतलेस कशाला? तर म्हणे, "आई, ती सीनियर ना."

भाचीचा मामा
हेच!! हेच मी म्हणतोय काल रात्रीपासून.

साखळीचो
मोजे धुणं वाईटच, त्याला कोण चांगलं म्हणतंय. पण दीड वाजता उठवायलाही तीच कॉर्पोरल होती ना मामा.

भाचीचा मामा
बरं बाबा. ठेवा हुद्दे. ती सार्जंटही ठेवा, हवं तर तिला चौथी फीत शिवून द्या, खर्च माझा. सीओंना पत्र लिहितो, सुभेदारसाहेब मजकूर सांगा. पण ते सर मी सोडणार नाही.

सुभेदार (रिटायर्ड)
चौथी फीत नसते.

भाचीचा मामा
पत्र राहू दे. भाचीने आत्ता हा धागा वाचला, म्हणते मामा सगळं डिलीट कर, शनिवारी माझी लान्स कॉर्पोरलची ड्रिल टेस्ट आहे आणि मार्क्स लिहायला सरांच्या बाजूला तीच सार्जंट असणार.

मांडवीकाठ
वासालो ई सिल्वा १९८० ला गोव्यात येऊन गेला होता. कोणी लिहिलंच नाही म्हणून.