अनुभव धागा : वस्तीची गाडी, दीक्षाभूमीची वाट

जय भीम.

दसरा जवळ आला की आमच्या विहारात वर्गणीची वही निघते. कोण येणार, कोणाच्या घरचं म्हातारं माणूस सोबत, गाडी किती वाजता. १४ ऑक्टोबर १९५६ च्या अशोक विजयादशमीला बाबासाहेबांनी नागपुरात, आजच्या दीक्षाभूमीवर, महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, मग समोरच्या लाखोंना स्वतः २२ प्रतिज्ञा दिल्या, हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. घराघरातलं मात्र कुणी लिहून ठेवत नाही. आपापल्या वस्तीसोबत केलेल्या प्रवासाबद्दल इथे लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. आजी त्या दिवशी तिथे होती, माझे काका तिच्या कडेवर. पांढरं लुगडं नव्हतं, म्हणून आजोबांचं धुतलेलं धोतर नेसून गेली. फार मागे उभी होती. पुढचे म्हणतील ते ऐकून मागच्यांनी म्हणायचं. घरी परतल्यावर तिने देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. "हात थरथरत होता गं, पण सोडले," एवढंच सांगायची. बोधिवृक्षाखाली वंदनेला बसले की मला तिचा तो हात आठवतो.

वाशीम जिल्हा, शेतकरी
आम्ही रेल्वेनं जातो. जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते, तरी कोणी ना कोणी सरकून घेतंच. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी सगळ्यांची एकत्र. अजनीला उतरून पायी. एका वर्षी आमची सहा वर्षांची पुतणी गर्दीत चुकली. वहिनीला रडूही येईना, नुसती बसून राहिली. तासाभरानं समता सैनिक दलाच्या एका पोरानं तिला खांद्यावर बसवून आणलं. पोरगी केळं खात होती. तेव्हापासून प्रत्येक लेकराच्या खिशात गावाचं नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असते. नव्यानं जाणाऱ्यांनी एवढं कराच.

पुणे, नोकरी
वडील गेल्यानंतर पहिल्यांदा आईला घेऊन गेलो, आमच्या जुन्या वस्तीच्या बससोबत. एरवी स्तूप भरीव असतो, इथला आतून मोकळा आहे. त्या घुमटाखाली बाहेरचा गजर एकदम दूर जातो. बाबासाहेबांच्या अस्थींसमोर आईने हात जोडले आणि बराच वेळ हललीच नाही. मागे रांग होती, पण कोणी तिला "चला" म्हणालं नाही. परतताना तिने पुस्तकांच्या दुकानांतून सोळा पुस्तकं घेतली. तिला वाचता येत नाही. "तुझा बाप दरवर्षी आणायचा," म्हणाली. बसमध्ये जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तकांची पिशवी होती. कपडे, भांडी घेऊन परतणारी जत्रा मी पाहिली आहे. पुस्तकं घेऊन परतणारी ही एकच.

नागपूर, रहाटे कॉलनीजवळ
आम्ही कुठे जात नाही, तुम्हीच आमच्याकडे येता. गल्लीतल्या बाया आदल्या रात्रीपासून भोजनदानाच्या तयारीला लागतात. मला सगळ्यात जास्त पाय दिसतात. भेगाळलेले, धुळीचे, कुणाचे अनवाणी. आमच्या ओसरीवर पाण्याची बादली आणि खोबरेल तेलाची बाटली ठेवलेली असते. अंथरुणंही आहेत. संकोच करू नका.

अकोला, कॉलेजात शिकते
यंदा मी पहिल्यांदा सगळ्या २२ प्रतिज्ञा न बघता म्हटल्या. शेजारच्या अनोळखी मावशी माझ्याकडे बघून म्हणत होत्या.

चंद्रपूर
नागपूरनंतर बाबासाहेब चंद्रपूरला आले, १६ ऑक्टोबर १९५६ ला इथेही दीक्षा दिली. बरेच जण नागपूरहून परस्पर घरी जातात, त्याचं वाईट वाटतं. एक दिवस वाढवा, इकडे या. स्टेशनवर उतरलात की कळवा, न्यायला येतो. स्वयंपाक असतोच.