व्हीटी-२२० च्या काचेत डाग

प्रश्न (लातूर): भंगारातून व्हीटी-२२० (जुना पडदा-कीबोर्डवाला कॉम्प्युटर टर्मिनल) मिळाला. अक्षरं ठळक, पण काचेच्या कडेने बुरशीसारखे डाग. पुसून जात नाहीत. लिनक्सच्या कॉम्प्युटरलाही जोडायचाय.

जालना: बुरशी नाही हो. पिक्चर ट्यूब आणि पुढची काच यांमधला चिकट थर कुजलाय. आधी ॲनोडचा (ट्यूबच्या उच्च दाबाच्या टोकाचा) साठलेला चार्ज उतरवा, गॉगल घाला. मग काच हळूहळू गरम करून नायलॉनच्या दोऱ्याने करवतीसारखा थर कापा. ट्यूबच्या मागच्या बारीक मानेला धक्का लागला की ट्यूब गेलीच! साफ झाल्यावर काच परत बसवा, ती संरक्षणाला असते.

परभणी: सिरीयल केबल टर्मिनलच्या २५ पिनीकडून कॉम्प्युटरच्या ९ पिनीकडे, पिन अशा जोडा: २ ला २, ३ ला ३, ७ ला ५. २-३ उलटवू नका, ९ पिनीत २-३ मुळातच उलट्या असतात. एफ३ ने सेटअप, ९६०० वेग, ८ बिट, पॅरिटी (चूक तपासणारा जादा बिट) नाही.